सूत्रधार ते वास्तुविशारद

मंदिर, स्थानक, धर्मशाळा किंवा पाठशाळा उभी राहिली की दानदात्यांची नावे संगमरवरी फलकावर कोरली जातात, आणि ते उचितच आहे. परंतु ज्याने ती वास्तू प्रथम मनात पाहिली व कागदावर उतरविली, त्याचे नाव त्या फलकावर क्वचितच आढळते. कापडाच्या व्यापारात हयात घालविलेल्या माझ्यासारख्या वाणिज्य पदवीधराने या विषयावर लिहावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. तथापि जो धडा मी पदरमोड करून शिकलो, तो समाजबांधवांपुढे ठेवणे मला कर्तव्य वाटते.

आपल्या परंपरेत वास्तुकार हा उपेक्षित नव्हता. ‘मयमत’ या प्राचीन वास्तुग्रंथात बांधकामाचे चार जाणकार सांगितले आहेत : संपूर्ण कार्याचा प्रमुख तो स्थपती, दोरीने मोजमाप व आखणी करणारा सूत्रग्राही, दगड-लाकूड घडविणारा तक्षक आणि घडविलेले भाग जुळविणारा वर्धकी. विचार करणारा आणि हाताने घडविणारा, यांतील भेद त्या काळीही स्पष्ट होता.

आपल्या मराठवाड्यातील वेरूळचेच उदाहरण घ्या. कैलास लेणे डोंगर वरून खाली कोरत घडविले आहे. बांधकामात चुकलेला दगड बदलता येतो. कोरीव कामात एकदा उडालेला दगड परत बसत नाही. म्हणजे छिन्नीचा पहिला घाव घालण्यापूर्वीच संपूर्ण मंदिर कोणाच्या तरी डोळ्यांसमोर उभे असले पाहिजे. राष्ट्रकूटांच्या इ.स. ८१२ मधील बडोदे ताम्रपटात, हे मंदिर आपण कसे घडविले याचा खुद्द शिल्पकारालाच विस्मय वाटला, असा उल्लेख आहे. जवळच ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी आहेत. त्यांतील ३० क्रमांकाच्या ‘छोटा कैलास’ लेण्यात हीच कल्पना लहान आकारात साकारलेली दिसते.

राजस्थानातील राणकपूरच्या चौमुख जिनालयाचा इतिहास तर आजच्या विश्वस्तांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. धरणाशाह यांनी अनेक शिल्पकारांकडून आराखडे मागविले व त्यांतून देपा यांचा आराखडा निवडला, अशी परंपरा सांगते. इ.स. १४३९ च्या शिलालेखात तर दात्याबरोबर सूत्रधार देपाक याचेही नाव कोरलेले आहे. दात्याने नुसते द्रव्य दिले नाही, पारखही केली.

आधुनिक काळात या विद्येला शिक्षणाची व कायद्याची चौकट मिळाली. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ साली स्थापन केलेल्या संघटनेतूनच पुढे १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ ही संस्था आकारास आली. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार, वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच ‘आर्किटेक्ट’ हे बिरूद लावता येते.

आता माझी चूक सांगतो. तरुणपणी दुकानावर मजला चढविताना ‘नकाशासाठी पैसे कशाला?’ असे म्हणून मी सर्व काम गवंड्यावर सोपविले. तो कसबी होता. दोष त्याचा नव्हे. जिना कोठे घ्यावा, गच्चीचा उतार कोणीकडे द्यावा, याचा विचार करणारे कोणी नव्हते. पहिल्याच पावसाळ्यात कोठीत पाणी उतरले आणि दिवाळीसाठी भरलेले ताके भिजले. फी वाचविली, माल गमावला.

माझे नुकसान पैशांवर निभावले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार जीव गेले. मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि त्यांवरील माळवदाचा अवजड भार निजलेल्या माणसांवर कोसळला. भिंतीची जाडी म्हणजे मजबुती नव्हे, हे त्या दिवशी साऱ्या मराठवाड्याला कळले.

मग वास्तुविशारद निवडावा कसा? आपण ताका घेताना तो उलगडतो, उजेडात धरतो, पोत पाहतो. तसेच येथे करावे. प्रथम परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. त्याने बांधलेली, चार-पाच पावसाळे पाहिलेली इमारत प्रत्यक्ष पाहावी, आणि तेथे राहणाऱ्यांना ओल, उजेड व वारा यांविषयी विचारावे. फी, नकाशांचे टप्पे आणि कामावरील भेटी आधीच लेखी ठरवाव्यात. वास्तुविशारद हा ठेकेदार नव्हे. ठेकेदाराच्या कामावर मालकाच्या वतीने लक्ष ठेवणारा तो जाणकार आहे. म्हणूनच ठेकेदाराकडून दलाली घेण्यास त्याला व्यवसायाच्या नियमांनी मनाई आहे. भार पेलण्याचे गणित मात्र संरचना अभियंत्याकडूनच करवून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो आपले ऐकून घेतो का, हे पाहावे. स्थानकात चातुर्मासासाठी साधू-साध्वी येतात. पंखा व विजेचा दिवा न वापरणाऱ्या संतांसाठी नैसर्गिक वारा व प्रकाश हवा. ध्वनिक्षेपकाविना प्रवचन शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले पाहिजे. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्यास भोजनशाळेची जागा सोयीची हवी. हे आपण सांगितले नाही, तर परक्याला कसे कळणार? आणि सांगूनही ज्याने टिपून घेतले नाही, त्याची सुंदर चित्रे काय कामाची?

दान हा श्रावकाचा धर्म आहे. त्या दानाच्या पै-पैचा सदुपयोग होतो की नाही हे पाहणे, ही विश्वस्तांची जबाबदारी आहे. पुढील पिढ्या आपण बांधलेल्या छपराखाली निर्धास्त बसाव्यात, एवढीच अपेक्षा. आणि यापुढे कोणतीही वास्तू उभी राहील, तेव्हा दात्यांच्या फलकावर शेवटच्या ओळीत का होईना, तिच्या सूत्रधाराचे नाव असावे, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र!