मम्रेच्या झाडाखाली कोण आले होते?

बायबलातील पहिल्या पुस्तकाचे नाव ‘उत्पत्ति’. त्याच्या अठराव्या अध्यायात एक अगदी घरगुती प्रसंग आहे. भर दुपारी, उन्हाचा कडाका असताना, अब्राहाम हा वृद्ध कुलपुरुष मम्रे येथील ओक वृक्षांजवळ आपल्या तंबूच्या दाराशी बसला आहे. मान वर करतो तो समोर तीन पुरुष उभे. तो धावत सामोरा जातो, जमिनीपर्यंत लवून नमस्कार करतो, पाय धुण्यास पाणी देववितो, बायकोला भाकरी करावयास सांगतो, गुरांतले कोवळे वासरू निवडून रांधवितो आणि दूध-दह्यासह ते पाहुण्यांपुढे ठेवून आपण झाडाखाली उभा राहतो. पाहुणे जेवतात. वर्षभरात सारेला मुलगा होईल असे सांगतात. म्हातारी सारा तंबूच्या आत हसते. इथवर गोष्ट अतिथिधर्माची आहे, आणि अतिथीला देव मानणाऱ्या आपल्या लोकांस ती परकी वाटण्याचे कारण नाही. पण ग्रंथकर्त्याने अध्यायाच्या आरंभीच सांगून टाकले आहे की, त्या दुपारी अब्राहामाला परमेश्वराचे दर्शन झाले.

अडचण येथून सुरू होते. आले तिघे, दर्शन एकाचे. त्यांतील दोघे पुढे सदोम नगरीकडे जातात तेव्हा त्यांना देवदूत म्हटले आहे. तिसरा मागे राहतो आणि अब्राहाम त्याच्याशी परमेश्वर म्हणूनच बोलतो. नगरी वाचावी म्हणून पन्नास सज्जनांपासून दहांपर्यंत घासाघीसही करतो! आणि याच धर्मग्रंथात अन्यत्र स्पष्ट म्हटले आहे की, देवाचे मुख पाहून मनुष्य जिवंत राहत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तर देवाला कोणी कधीच पाहिलेले नाही असा निर्वाळा आहे. मग अब्राहामाच्या घरी जेवून गेले ते कोण? या एका प्रश्नावर ख्रिस्ती पंडितांनी, संन्याशांनी, सम्राटांनी आणि चित्रकारांनी हजार-बाराशे वर्षे खल केला. त्या खलाची हकीकत आज सांगावयाची आहे.

आपल्यापैकी पुष्कळांस येथे सगुण-निर्गुणाचा वाद आठवेल. ती आठवण उपयोगी आहे, पण ती फार ताणू नये असे आम्हांस वाटते. आपल्याकडे सगुण रूपांना गणती नाही. ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेप्रमाणे अदृश्य देव एकदाच, एका विशिष्ट देशात, पोंतियस पिलात या रोमन सुभेदाराच्या अमदानीत वावरलेल्या येशू या मनुष्याच्या ठायी देहधारी झाला. तेव्हा त्यापूर्वी शेकडो वर्षे जो कोणी अब्राहामाला किंवा मोशेला दिसला त्याचे काय करावयाचे, हा पेच त्यांच्यापुढे होता, आणि तो आपल्या पेचाहून निराळा आहे.

पहिले ठाम उत्तर देणारा जस्टिन हा मूळचा पॅलेस्टाईनचा. प्लेटोचे तत्त्वज्ञान पचवून तो ख्रिस्ती झाला, आणि त्यानंतरही तत्त्ववेत्त्यांचा झगा घालूनच फिरत असे. इ. स. 160 च्या सुमारास त्याने ट्रायफो नावाच्या ज्यू गृहस्थाशी झालेला संवाद लिहिला. त्यात मम्रेच्या प्रसंगावर बरीच पाने खर्ची पडली आहेत. ट्रायफोच्या पक्षाचे म्हणणे सरळ होते: परमेश्वराचे दर्शन आधी झाले, आणि मागून आलेले तिघेही देवदूत. जस्टिनला हे पटत नाही. पण विश्वाचा जनक आपले स्थान सोडून पृथ्वीच्या एका कोपऱ्यात दिसू लागला, हेही त्याला बुद्धीला न शोभणारे वाटते. म्हणून त्याने वाट काढली ती अशी की, दिसला तो पिता नव्हे, पित्याचा शब्द, म्हणजेच पुत्र. त्याच्यासह आलेले दोघे तेवढे देवदूत. पिता सदैव अदृश्य, आणि जो जो दिसला तो तो पुत्र. या एका उत्तराने साऱ्या जुन्या करारात ख्रिस्ताच्या पाऊलखुणा दिसू लागल्या. जस्टिनचा रोममध्ये 165 च्या सुमारास शिरच्छेद झाला. त्याचे उत्तर मात्र दोन शतके बिनतक्रार चालले.

दरम्यान खुद्द मम्रे येथे काय चालले होते तेही पाहण्यासारखे आहे. हेब्रोनच्या उत्तरेस अवघ्या दीड-दोन मैलांवर ही जागा आहे. प्रचंड दगडांच्या आवाराचे अवशेष तेथे आजही उभे आहेत. पाचव्या शतकातला इतिहासकार सोझोमेन हा त्याच देशचा. त्याने तेथील उन्हाळी जत्रेचे वर्णन केले आहे. जत्रेला ज्यू येत, कारण अब्राहाम त्यांचा मूळ पुरुष. मूर्तिपूजक येत, कारण तेथे देवदूत उतरले. आणि ख्रिस्ती येत, कारण तेथे त्यांचा प्रभू दिसला. लोक जत्रेच्या दिवसांत व्रतस्थ राहत, नवी वस्त्रे लेत, खरेदी-विक्री करीत. अब्राहामाच्या विहिरीपाशी कोणी दिवे लावी, कोणी तीत मद्य ओती, कोणी पोळ्या, नाणी, सुगंधी द्रव्ये टाकी. इतके की, त्या दिवसांत विहिरीचे पाणी पिण्याजोगे राहत नसे! पंढरपूर-जेजुरीच्या वाऱ्या पाहिलेल्या माणसाला हे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास कष्ट पडू नयेत. एकाच झाडाखाली तीन धर्मांची माणसे, आणि त्या झाडाखाली कोण आले होते याविषयी तिघांची तीन मते. भांडण झाल्याचे सोझोमेन सांगत नाही.

ही जत्रा कॉन्स्टन्टाइन सम्राटाच्या सासूच्या, युट्रोपियाच्या, दृष्टीस पडली आणि तिने जावयाला कळविले. सम्राटाने जेरुसलेमच्या बिशपास व इतरांस पत्र धाडले की, इतक्या पवित्र जागी मूर्ती आणि बळी चालू देता हे कसे? मूर्ती जाळा, वेदी पाडा, चर्च बांधा. 333 साली बोर्दोहून आलेल्या एका यात्रेकरूला ते चर्च बांधलेले दिसले. सम्राटाच्या मनात जस्टिनचेच उत्तर होते: येथे पुत्र प्रकटला.

पण तोवर त्या उत्तरात दडलेला सुरुंग फुटला होता. अलेक्झांड्रियाचा धर्मोपदेशक एरियस याचे म्हणणे असे की, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून पित्याहून उणा. 325 साली निकेआच्या परिषदेने ते मत त्याज्य ठरविले, तरी ते मेले नाही. त्याच्या पाठीराख्यांना जस्टिनची विचारसरणी आयती सापडली. पिता स्वभावतः अदृश्य आणि पुत्र स्वभावतः दृश्य असेल, तर दोघे एकाच तत्त्वाचे कसे? उत्तर आफ्रिकेत हिप्पो येथे बिशप असलेल्या ऑगस्टिनने यावर लेखणी उचलली. त्याचा त्रैक्यावरील पंधरा भागांचा ग्रंथ पुरा होण्यास वीसएक वर्षे लागली. मध्यंतरी चाहत्यांनी अपुरी प्रतच पळवून लोकांत पसरविली, तेव्हा रागाने त्याने काम टाकून दिले होते. ग्रंथकारांचा हा छळ जुना आहे. असो. ऑगस्टिनचे म्हणणे असे की, पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघेही आपल्या मूळ स्वरूपात सारखेच अदृश्य आहेत. अब्राहामाला, मोशेला जे दिसले ते देवदूतांकरवी योजलेले निर्मित रूप, देवाची खूण. आणि मम्रेला तीन माणसे आली, त्यांत कोणी थोर-धाकटा दाखविलेला नाही. मग तिघांची समता त्यातून सुचते असे का मानू नये?

हा फरक ज्यांना ग्रंथ वाचवत नाहीत त्यांना रोम आणि रावेन्ना येथील भिंतींवर पाहता येतो. रोममधील सान्ता मारिया माज्जोरे या पाचव्या शतकातील चर्चमध्ये रंगीत काचखड्यांनी हा प्रसंग घडविला आहे. तेथे स्वागताच्या दृश्यात मधल्या पाहुण्याभोवती सर्वांगाला वेढणारे तेजोवलय आहे, म्हणजे प्रभू तो. त्याच चित्रात खाली जेवणाच्या पंक्तीला तिघे सारखे. रावेन्नातील सान व्हिताले या 547 साली समर्पित झालेल्या चर्चमध्ये झाडाखाली बसलेले तिघे एकमेकांपासून ओळखूच येत नाहीत.

ऑगस्टिनने तर्काचा पेच सोडविला खरा. पण तर्काचा पेच सुटला म्हणजे प्रार्थना करणाऱ्याचा सुटतो असे नाही. ऑगस्टिन ग्रंथाला हात घालीत होता त्याच सुमारास, 399 साली, इजिप्तच्या वाळवंटात जे घडले ते आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म आहे. अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष थिओफिलस दरवर्षी मठामठांतून एक पत्र पाठवीत असे. त्या वर्षीच्या पत्रात त्याने बजावले की, देवाला मनुष्यासारखे हातपाय, तोंड आहे असे मानणे हा घोर भ्रम होय. स्केतीसच्या संन्याशांत यावर खळबळ उडाली, कारण देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडविले हे शास्त्रवचन ते अक्षरशः मानीत. त्यांत सेरापिओन नावाचा एक वयोवृद्ध, कडक तपाचा साधू होता. कॅप्पाडोसियाहून आलेल्या फोटिनस नावाच्या विद्वानाने त्याला समजावून सांगितले की, त्या वचनाचा अर्थ आध्यात्मिक आहे. अनंत देवाला आकार कसा असेल? म्हाताऱ्याला ते पटले. सर्वांना आनंद झाला आणि आभाराच्या प्रार्थनेसाठी सगळे उभे राहिले. तेव्हा सेरापिओनच्या ध्यानी आले की, आजवर प्रार्थनेच्या वेळी जे रूप त्याच्या मनापुढे उभे राही, ते आता नाही. तो जमिनीवर कोसळला आणि हुंदके देऊ लागला. आपला देव या लोकांनी आपल्यापासून नेला, आता धरावे कोणाला आणि आळवावे कोणाला, असा त्याचा आकांत होता. हे लिहून ठेवणारा कॅसिअन त्या काळी तेथेच राहत होता.

कॅसिअन स्वतः निराकारवाद्यांच्या बाजूचा. म्हाताऱ्याची समजूत ही जुन्या अज्ञानाची खोड, असेच तो मानतो. तरीही त्याने तो आकांत वगळला नाही, याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे. फोटिनस बरोबर होता, यात शंका नाही. पण सेरापिओनचा प्रश्नही खोटा नव्हता, आणि फोटिनसजवळ त्याचे उत्तर नव्हते.

पुढचा भाग राजकारणाचा. संतप्त संन्याशांचा जमाव अलेक्झांड्रियावर चालून आला. जीव वाचविण्यासाठी थिओफिलसने त्यांना आपण त्यांच्या मुद्रेत देवाचे मुख पाहतो असे म्हणून शांत केले, आणि मग पवित्राच बदलला. निराकारवादाचा आद्य गुरू ऑरिजेन याचाच त्याने निषेध केला, आणि 400 साली त्याच्या अनुयायांना, ज्यांना ‘उंच बंधू’ म्हणत त्या चार भावांसह, वाळवंटातून हाकलले. ते कॉन्स्टॅन्टिनोपलला गेले. तेथील धर्माध्यक्ष जॉन क्रिसोस्टम याने त्यांना थारा दिला, या निमित्ताने त्याच्यावर डाव रचला गेला. 403 साली ज्या सभेत त्याला पदच्युत केले, ती ज्या उपनगरात भरली त्याचे नाव ‘ओक वृक्ष’. इतिहासाला असले योगायोग आवडतात. क्रिसोस्टम हद्दपारीत 407 साली वारला.

आठव्या-नवव्या शतकांत बायझंटाईन सम्राटांनी प्रतिमा फोडण्याची मोहीम काढली, तिचा येथे उल्लेख पुरे. दमास्कसच्या योहानाने तिला उत्तर दिले की, निराकार देवाचे चित्र काढता येत नाही हे खरे, पण देह धारण करून जो दिसला त्याचे का काढू नये? 787 व पुन्हा 843 साली प्रतिमांचा पक्ष विजयी झाला.

सेरापिओनच्या प्रश्नाला खरा हात घातला तो चौदाव्या शतकात. ग्रीसमधील आथोस पर्वतावरचे साधू एकांतात, मान छातीवर टेकवून, श्वासाच्या लयीबरोबर येशूचे नाम घेत बसत. कित्येकांना त्यात प्रकाशाचा अनुभव येई. ताबोर डोंगरावर येशूचे रूप पालटले तेव्हा शिष्यांनी जो प्रकाश पाहिला, तोच हा असे ते म्हणत. दक्षिण इटलीतून आलेल्या बार्लाम या पंडिताने त्यांची टर उडविली की, या लोकांचा आत्मा बेंबीत असतो! त्याचा युक्तिवाद असा: देव अदृश्य, सबब दिसतो तो प्रकाश निर्मितच असला पाहिजे. ऑगस्टिनच्या निष्कर्षाच्या हे अगदी जवळ आहे. ग्रेगरी पालामास या आथोसच्या साधूने उलट सांगितले की, देवाचे अंतस्तत्त्व कोणालाही, कधीही गोचर नाही. पण त्याची शक्ती, त्याचे तेज, हेही निर्मित नसून तो स्वतःच आहे. सूर्यबिंबात हात घालता येत नाही, पण अंगावर येते ते ऊन सूर्याचेच. हा भेद तर्काच्या काट्यावर पुरता उतरतो असे आम्ही म्हणणार नाही. देवाचे दोन भाग पडतात, हा आक्षेप तेव्हाही आला. पण नाम घेत बसलेल्या माणसासमोर देवाची केवळ खूण नसून देव आहे, एवढे पालामासला राखावयाचे होते. 1341 आणि 1351 साली कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदांनी त्याचा पक्ष मान्य केला. बार्लाम इटलीला परतून बिशप झाला. पेट्रार्क या कवीने त्याच्यापाशी ग्रीकचे धडे घेतले.

पालामासनंतर दोन पिढ्यांनी रशियात आंद्रेई रुब्लेव्ह या साधू चित्रकाराने मम्रेचा प्रसंग फळीवर रंगविला. त्यात अब्राहाम नाही, सारा नाही, भाकऱ्या भाजणे नाही. मेजाभोवती तीन सपक्ष आकृती, मध्ये एक पात्र, मागे घर, झाड आणि डोंगर. त्यांतील पिता कोणता आणि पुत्र कोणता, यावर जाणकारांचे अद्यापि एकमत नाही. 1551 साली मॉस्कोच्या धर्मसभेने हुकूम काढला की, त्रैक्याचे चित्र रुब्लेव्हने काढले तसेच काढावे. 1929 पासून ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह चित्रसंग्रहालयात होते. 2023 साली सरकारने ते चर्चच्या हवाली केले, तेव्हा फळीची अवस्था नाजूक आहे म्हणून तज्ज्ञांनी हरकत घेतली होती.

मॉस्कोच्याच 1667 च्या मोठ्या सभेने आणखी एक ठराव केला. पित्याला कोणीही देहाने पाहिलेले नाही, सबब त्याला पांढऱ्या दाढीच्या वृद्धाच्या रूपात रंगविण्यास मनाई. ठराव झाला, पण रशियातल्या चर्चच्या घुमटांत आणि घरोघरच्या प्रतिमांवर तो पांढऱ्या दाढीचा वृद्ध पुढेही रंगविला जातच राहिला.