साठीतली सिंधू: चाहत्यांच्या साक्षीचं काय करायचं?

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यातलं एक अख्खं पान गाइडने पेन्सिलीने आडवं कापलं होतं. बाजूला तीनच शब्द: 'हे कोण म्हणतं?'

म्हणणारे माझे आजोबा होते. आपट्याच्या आमच्या घराच्या ओटीवर बसून, समोरून पनवेल-रोहा गाडी गेल्याचा आवाज आला की घड्याळ लावणारे आजोबा. १९४० च्या दशकाच्या शेवटी, पंधरा-सोळा वर्षांचे असताना, सुट्टीत मुंबईला गेले आणि तिथे बालगंधर्वांचा 'एकच प्याला' पाहून आले. तेव्हा बालगंधर्व साठीच्या आसपास होते आणि तरी सिंधूच करत होते. आजोबांचं त्यावरचं मत गेल्या पाऊणशे वर्षांत एका अक्षराने बदललेलं नाही: "म्हातारा कुणी पाहिलाच नाही. मी सिंधू पाहिली."

मी हे वाक्य जसंच्या तसं पुरावा म्हणून टाकलं होतं. एम.एस्सी. फिजिक्स करून इतिहासाकडे आलेल्या माणसाची ही नेहमीची चूक. लॅबमध्ये एका रीडिंगवर निष्कर्ष काढायची आपली छाती होत नाही, पण कुणी जिवंत माणूस समोर बसून सांगायला लागला की आपण पाघळतो. तुमच्यातले जे 'पेट'ची तयारी करताहेत आणि मुलाखतींवर आधारलेला विषय घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे कापलेलं पान आज परत उघडते आहे.

आधी पार्श्वभूमी. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. लहानपणी त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. (साठी ओलांडलेल्या, पुढे एकोणऐंशीव्या वर्षी वारलेल्या माणसाच्या नावात शेवटपर्यंत 'बाल' होतं. त्यांच्या चाहत्यांचं मानसशास्त्र समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करायला हरकत नाही.) १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९११ चं 'मानापमान' तिथलंच. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ मध्ये भास्करबुवा बखल्यांच्या चालींचं 'स्वयंवर', १९१९ मध्ये गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर 'संयुक्त मानापमान'. ही दहा वर्षं म्हणजे शिखर, यावर चाहते आणि टीकाकार या दोघांचंही एकमत आहे. भामिनी, रुक्मिणी, सिंधू. त्यांनी नेसलेली लुगडी आणि घातलेले दागिने पाहून बायका आपला पेहराव ठरवत, हे तर तुम्ही ऐकलेलंच असेल.

वाद आहे तो पुढचा. आणि तो वयापेक्षा काळावरचा जास्त आहे, हे मला फार उशिरा कळलं.

१९३१ मध्ये बोलपट आला. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलं. एका नॉर्वेजियन नाटकाचा तो मराठी अवतार. गाणी मोजकी, तीही प्रसंगाला धरून, केशवराव भोळ्यांच्या चालींची, प्रयोग आटोपशीर, आणि स्त्रियांच्या भूमिका ज्योत्स्ना भोळे, पद्मा वर्तक अशा स्त्रियांनीच केलेल्या. हिराबाई बडोदेकर तर त्याआधीपासून रंगमंचावर होत्या. म्हणजे बालगंधर्व पंचेचाळीस वर्षांचे झाले त्याच सुमाराला मोजपट्टीच बदलली. आता प्रेक्षकांतला एक वर्ग विचारू लागला की बाईचं काम बाई करू शकत असताना हा स्थूल होत चाललेला पुरुष कशाला? एकेका पदाला तीन-तीन, चार-चार वेळा 'वन्स मोअर' घेऊन नाटक पहाटेपर्यंत का ताणायचं? सिंधू मरते आहे, आणि मरता मरता तेच पद पुन्हा गाते आहे. याला नाटक म्हणायचं की बैठक?

चाहत्यांचं उत्तर: डोळे मिटा आणि ऐका.

इथे जरा थांबू. हे उत्तर टीकेला दिलेलं उत्तर नाहीच. टीकाकार 'नाटक' नावाची राशी मोजतो आहे, चाहता 'सूर' नावाची. दोघांची एककं वेगळी. लांबी किलोग्रॅममध्ये सांगणाऱ्याशी वाद घालता येत नाही, पण मराठी नाट्यसमीक्षेत हा वाद कैक वर्षं चालला आणि दोन्ही बाजूंना आपण जिंकतो आहोत असंच वाटत राहिलं. तुमच्या विषयात दोन गट पिढ्यान्‌पिढ्या भांडताना दिसले तर कोण बरोबर हे शोधण्याआधी ते एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत का, एवढं तपासून पाहा. माझी निम्मी लिटरेचर रिव्ह्यू त्यात गेली.

बरं, मग सूर तरी मोजता येतो का? फिजिक्सवाल्याला हा प्रश्न लगेच सुटल्यासारखा वाटतो. तरुणपणच्या तबकड्या घ्या, उतारवयातल्या घ्या, संगणकात टाका, पट्टी काढा, फरक मांडा. मीही असंच म्हटलं होतं. पहिली अडचण तबकडीच्या वेगाची. आपण 'अठ्ठ्याहत्तर'च्या तबकड्या म्हणतो, पण त्या काळी ध्वनिमुद्रणाचा खरा वेग कंपनीगणिक आणि कधी कधी सत्रागणिक बदलायचा. मिनिटाला ७६ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी तुम्ही ७८ ने वाजवलीत तर सूर जवळपास ४५ सेंटने चढतो. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरलं तर ही जवळजवळ अर्ध्या पट्टीची चूक झाली. म्हणजे 'आवाज खाली आला' किंवा 'आवाज तसाच राहिला' यातलं हवं ते वाक्य नुसतं यंत्राच्या वेगावर सिद्ध करता येईल.

दुसरी अडचण त्याहून मोठी. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. नाट्यगृहात तेच पद वन्स मोअर घेत घेत फुलत जायचं. साथीला तिरखवाँसाहेबांचा तबला, कादरबक्षांची सारंगी, ऑर्गन. चाहता ज्याची साक्ष देतो ते तबकडीत नाहीच. आणि जुन्या तबकड्या तर मायक्रोफोन नसताना, भोंग्यात गाऊन केलेल्या. १९२५ नंतर विजेचं मुद्रण आलं आणि आवाजातले बारकावे अचानक ऐकू येऊ लागले. तेव्हा नंतरच्या तबकडीतला गळा 'अधिक भावपूर्ण' वाटला तर श्रेय वयाचं की मायक्रोफोनचं?

शरीरशास्त्रही सरळ साथ देत नाही. म्हातारपणी आवाज खोल जातो अशी आपली समजूत. प्रत्यक्षात पुरुषांचा बोलण्याचा सूर उतारवयात बहुधा थोडा वर चढतो, कारण स्वरतंतू पातळ होतात. गळ्याचा कंप मात्र संथ आणि रुंद होतो, दमसास कमी होतो. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाच्या बाबतीत यातलं काय तोट्याचं आणि काय फायद्याचं, हे आधीच ठरवून बसू नका.

चित्रपटाचा पुरावा? 'धर्मात्मा', १९३५, प्रभात, शांताराम. बालगंधर्व सत्तेचाळीस वर्षांचे. पण त्यात ते एकनाथ आहेत, पुरुष. ज्या मुद्द्यावर सगळा वाद, तोच इथे तपासता येत नाही. पहिल्याच चित्रपटानंतर प्रभातशी असलेली ती भागीदारी संपली, आणि कर्जाच्या ओझ्याखालचे बालगंधर्व पुन्हा रंगमंचाकडे वळले.

दोन गोष्टी चाहत्यांच्या साक्षीतून मला स्वतःला खटकल्या, त्या सांगते. एक म्हणजे बचावाला नेहमी एक आरोपी लागतो. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. त्या स्वतः तयारीच्या गायिका, बालगंधर्वांचीच गायकी आत्मसात केलेल्या. पुढच्या पडत्या काळाचा दोष भक्तांनी बराचसा त्यांच्या माथी मारला. कर्ज तर त्या येण्याच्या कितीतरी आधीपासून होतं, मंडळी एकदा बुडून वर आलेली होती, बोलपटाने प्रेक्षक नेला होता. पण देवाचं वय झालं असं म्हणायचं नसेल तर दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं, आणि ते नाव बाईचं, त्यातून मुसलमान बाईचं असेल तर सोयीचंच. मुलाखती घेताना 'तेव्हा चूक कुणाची?' हा प्रश्न जरूर विचारा. माणूस काय लपवतो आहे ते त्याच्या उत्तरावरून दिसतं.

दुसरी, नाट्यगृहात शेवटपर्यंत उरलेल्यांचीच साक्ष आपल्याकडे आली. जे कंटाळले ते सिनेमाला गेले. त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत, कारण न पाहिलेल्या प्रयोगाच्या आठवणी कोण लिहितं? उतारवयातल्या प्रयोगांना किती वन्स मोअर मिळाले यावरून काही सिद्ध होत नाही ते यामुळेच.

हे फक्त आपल्याकडेच नाही. रोलिंग स्टोन्स एप्रिल २००३ मध्ये मुंबईला ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले, तेव्हा मिक जॅगर साठीला टेकला होता. २०२४ मध्ये तो ऐंशीव्या वर्षी अमेरिकेचा दौरा करत होता. टीकाकार म्हणतात आता थांबा, चाहते म्हणतात तुम्ही तिथे नव्हता. आणि जगभर यावर एक तयार स्पष्टीकरण दिलं जातं: चाहता समोरच्या म्हाताऱ्याला बघतच नाही, त्याच्यात स्वतःचं तारुण्य बघतो. स्मरणरंजन, बस्स. विषय संपला.

मला हे स्पष्टीकरण पटलं होतं. सिनॉप्सिसच्या दुसऱ्या मसुद्यात मी तेच लिहिलं. मग एका रात्री लक्षात आलं की ते माझ्याच आजोबांना लागू पडत नाही. त्यांनी तरुण बालगंधर्व कधी पाहिलेच नव्हते! १९१९ ची सिंधू त्यांच्या जन्माआधीची. त्यांनी पाहिली ती साठीतलीच. स्मरणरंजनाला लागणारी मूळ आठवणच नाही. आणि त्याच प्रयोगाला त्यांचे थोरले भाऊ, आमचे अण्णा आजोबा, सोबत होते. वयाने सतरा वर्षांनी मोठे. त्यांनी लहानपणी वडिलांबरोबर बालगंधर्वांना भरात असताना पाहिलं होतं. ते मध्यंतरात उठून बाहेर आले आणि परत आत गेले नाहीत. "माझी होती ती मोडली," एवढंच म्हणाले म्हणे.

म्हणजे ज्याच्याकडे जुनी आठवण होती तो टीकाकार झाला आणि ज्याच्याकडे नव्हती तो भक्त. स्पष्टीकरण सांगतं त्याच्या बरोबर उलट. एकच रात्र, एकच प्रयोग, दोन प्रेक्षक. इतका सुंदर नियंत्रित प्रयोग मला लॅबमध्येही कधी जमला नव्हता. नमुना दोनचा आहे हे मला कळतं, हसू नका. पण प्रश्न तरी नवा मिळाला: फक्त उतारवयातले बालगंधर्व पाहिलेली माणसं वेगळी काढायची आणि त्यांच्या साक्षी आधी पाहिलेल्यांच्या साक्षीशेजारी ठेवायच्या. आज ती माणसं नव्वदीच्या आसपास आहेत. वेळ फार नाही. गाइडने हा मसुदा वाचला आणि पहिल्यांदाच काही कापलं नाही. खाली फक्त लिहिलं, 'दोघांत वयाखेरीज आणखी काय वेगळं होतं?'

मागच्या रविवारी आपट्याला गेले तेव्हा फोनचं रेकॉर्डिंग चालू करून आजोबांना विचारलं. अण्णा कुठे बसले होते?

"त्याला हापिसातल्या कुणी पास दिला होता. पुढे. दुसरी की तिसरी रांग."

आणि तुम्ही?

"मी कुठला पुढे! पार मागे, पिटात. खांब होता मध्ये. मान वाकडी करून बसलेलो."

मग दिसत होतं का आजोबा?

ते बराच वेळ गप्प राहिले. रेकॉर्डिंगमध्ये तिथे फक्त कावळे आणि पाटाच्या पाण्याचा आवाज आहे, एक मिनिट अकरा सेकंद. मग म्हणाले, "ऐकू सगळं येत होतं."