रिजवरची विष्णुक्रांता

दिल्लीच्या रिजवरची, म्हणजे तिथल्या खडकाळ टेकड्यांवरची, दाट हिरवळ हे मूळचे अरण्य, असे सर्रास मानले जाते. ते खरे नाही, आणि याची साक्ष वीतभरही उंच न होणारी विष्णुक्रांता देते. जमिनीलगत पसरलेल्या, दोऱ्यासारख्या लवदार फांद्या आणि नखाएवढे निळे फूल, सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारे. पावसाळ्यात पुष्कळांना ती केना वाटते. पण केन्याच्या पाकळ्या सुट्या असतात आणि त्याला ओल मानवते. विष्णुक्रांतेचे फूल अखंड, बशीसारखे पसरट. तिला हवे ऊन, मुरूम आणि खडकाच्या भेगेतली चिमूटभर माती. उन्हाळ्यात वरचा भाग वाळला तरी चिवट मूळ तग धरते आणि पावसाबरोबर पुन्हा फुटते. दाट सावलीत मात्र तिचे काही चालत नाही.

रिज म्हणजे अरवली डोंगररांगेचे उत्तर टोक, गारगोटीचा कठीण खडक. छायाचित्रकार फेलिचे बेआतोने 1858 मध्ये काढलेल्या छायाचित्रांत उत्तरेकडचे रिज जवळजवळ उघडे दिसते. पुढे इंग्रजांनी तिथे झाडे लावली. 1911 मध्ये राजधानी दिल्लीला नेण्याचे ठरल्यावर मध्य रिजवरही लागवड झाली. त्यासाठी निवडलेली विलायती कीकर, म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ, मूळची अमेरिकेतली. ती फोफावली आणि तिच्याखाली गवत व बारीक वनस्पती दबल्या.

1857 च्या दिल्लीच्या वेढ्यानंतरचा, शतकानुशतकांच्या चराईचा आणि लाकूडतोडीचा उघडेपणा मूळचा कसा मानायचा, हा आक्षेप रास्त आहे. अरवलीतलीच, फरिदाबाद जिल्ह्यातली मांगर बनी ही राखलेली देवराई पाहिली, तर झाडे तिथे दाट आहेतच. पण ती आहेत धौची, आपल्या धावड्याच्या भाऊबंदांची. धौ पानगळीचा आहे आणि मधे खडकाळ उघड्या जागा ठेवून वाढतो. म्हणजे रिज बोडके नव्हते, पण सलग छायेचेही नव्हते. विष्णुक्रांता दुर्मीळ नाही, भारतभर आढळते, मग तिची एवढी काळजी कशाला, असेही कोणी म्हणेल. तिची साक्ष दुर्मिळतेमुळे नव्हे, अधिवासामुळे मोलाची आहे: ती जिथे टिकून आहे तिथे उघडा खडक अजून शिल्लक आहे. कीकरमुळे रिज हिरवे राहिले, हे मान्य. त्यामुळे ती एका दिवसात तोडावी असेही नाही. मात्र तिच्या जागी देशी झाडे लावताना मधल्या खडकाळ मोकळ्या जागा खड्डे खणून भरू नयेत.