लाकडी सभामंडप आणि तो उभारणारा सुतार

गावात देवळाचा जीर्णोद्धार निघाला की प्रथम शिखराची चर्चा होते, मग वर्गणीची. गाभाऱ्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या उभा असलेला लाकडी सभामंडप मात्र बहुधा एका वाक्यात निकालात निघतो: “ते जुने लाकूड काढून टाका आणि स्लॅब घाला.” ज्या मंडपात गावाने सप्ते केले, पंगती घातल्या, भांडणे मिटवली आणि पावसापाण्यात आसरा घेतला, त्याची बांधणी कशी झाली व ती कोणी केली, हे विचारण्याचे राहून जाते. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांपुरता तरी हा इतिहास थोडक्यात नोंदवून ठेवणे उचित ठरेल.

प्राचीन पुरावा

या भागातील लाकडी छपराचा इतिहास फार जुना आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी या विद्वानांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती तेथे उजेडात आली. त्या घरांचे लाकूड अर्थातच उरले नव्हते. परंतु खांब जेथे जमिनीत पुरले होते, तेथील खळगे चोपलेल्या जमिनीत स्पष्ट दिसले. त्या खळग्यांवरून घर चौकोनी होते की गोल, छप्पर कोठे टेकले होते, हे ताडता आले. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी घोडकाठच्या माणसाला खांब रोवून वर शाकारणी करण्याची विद्या अवगत होती.

त्या खांबांत एक उणीव होती. ते मातीत पुरलेले होते, आणि मातीत पुरलेले लाकूड ओल व वाळवी यांच्या तोंडी सापडते. याच्या उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात मावळ तालुक्यात पाहावयास मिळते. कार्ले येथील चैत्यगृहाच्या कमानदार छताला आतून लाकडी फासळ्या बसविलेल्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लाकूड आजही तेथे आहे. छताचा भार त्यावर नाही हे खरे, कारण वर अखंड कातळच आहे. परंतु पावसाचा थेंब आणि जमिनीची ओल या दोहोंपासून दूर राहिलेले लाकूड किती टिकते, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण. पुढच्या काळातील सुतारांनी खांब मातीतून काढून दगडी उथळ्यावर उभा केला, त्याचे मर्म हेच होय.

पेशवेकाळ

आज गावोगावी जे जुने लाकडी मंडप दिसतात, त्यांची घडण मुख्यत्वे पेशवाईत रूढ झालेल्या पद्धतीची आहे. दौंडहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या थेऊर येथे चिंतामणीच्या देवळापुढील लाकडी सभामंडप थोरल्या माधवराव पेशव्यांनी बांधविला. याच थेऊरात १७७२ साली त्यांचा अंत झाला. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या महागणपतीच्या देवळाशीही माधवरावांचे नाव निगडित आहे, आणि तेथील सभामंडप इंदूरचे सरदार किबे यांनी बांधविला असे सांगितले जाते.

मोठ्या स्थानांवर जे काम होई, त्याची उतरती नक्कल खेड्यांतून होत असे. सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे खांब, दोन खांबांमधील नागमोडी महिरप, तिच्या टोकाला कोरलेले केळफूल ही वाड्यांची नक्षी देवळांच्या मंडपांत आली. गावाची ऐपत कमी असेल तेथे नक्षी गळाली, पण बांधणी तीच राहिली.

लाकडाचा मोठा शत्रू अग्नी, हेही त्याच काळाने दाखविले. १७३० साली पायाभरणी झालेल्या शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत जळाले. दगडी तट आणि जोती तेवढी उरली.

सुतार आणि लाकूड

सुतार हा गावगाड्यातील प्रमुख बलुतेदार. नांगर, कुळव, पाभर, मोटेचे चाक व गाडीची दुरुस्ती हे त्याचे वर्षाचे काम, आणि त्याबद्दल खळ्यावर धान्याचे बलुते मिळे. नवीन घर किंवा देवळाचा मंडप हे बलुत्याबाहेरचे काम असे. त्याचा मोबदला निराळा ठरे, आणि काम पुरे झाल्यावर सुताराला धोतर-पागोटे देण्याची रीत होती.

शिरूर-दौंड हा अवर्षणाचा मुलूख. येथे पाऊस जेमतेम वीस इंचांच्या आसपास. सागाची जंगले पश्चिमेकडे सह्याद्रीच्या बाजूला. म्हणून खांब व तुळया यांसाठी साग बाहेरून आणावयाचा, आणि लहान कामाला गावचा लिंब व बाभूळ वापरावयाची, अशी वाटणी साहजिकच झाली. बाभूळ चिवट, परंतु सरळ व लांब मिळत नाही. त्यामुळे ती औताला आणि गाडीला उत्तम. लिंब कडवट असल्याने किडीला लवकर बळी पडत नाही.

लाकूड तोडले की लगेच वापरावयाचे नाही, हा पहिला नियम. ओले लाकूड सुकताना आकसते व पिळते, सांधे ढिले पडतात. दुसरा नियम असा की, भाराच्या जागी गाभ्याचे लाकूड घालावे. सालीलगतचे पांढरे लाकूड भुंगा आणि वाळवी यांना प्रथम बळी पडते.

मंडपाची बांधणी

मंडपाचे माप खणावर चाले. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण, साधारण पाच-सहा फुटांचा. प्रथम जोत्यावर दगडी उथळी बसवून पाणसळीने एका पातळीत आणावयाची. सर्व खांबांची टोके एका रेषेत येणे येथेच ठरते. त्यानंतर करवत, वाकस, पटाशी, रंधा व सामता यांनी एकेक भाग घडवून संपूर्ण जुळणी आधी जमिनीवर करून पाहावयाची. कोणती कूस कोणत्या भोकात जाणार, याच्या खुणा लाकडावर करावयाच्या आणि मग सांगाडा सोडवून जोत्यावर उभा करावयाचा. खांब सरळ उभा आहे की नाही, ते ओळंबा सांगे. काटकोन गुण्या सांगे.

खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर तक्तपोशी असा क्रम असे. यातील हस्त शोभेसाठी असतो असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. पाच फुटांच्या गाळ्यात दोन्ही बाजूंनी एकेक फूट हस्त पुढे आले, की तुळईला मोकळे अंतर तीन फुटांचेच उरते. अंतर कमी झाले की तुळई वाकण्याचे भय पुष्कळच घटते. त्यावर कोरलेले केळफूल ही शोभा, पण हस्ताचे काम भार पेलण्याचे.

सांध्यात लोखंडी खिळा शक्यतो टाळीत. खिळा गंजतो आणि भोवतालचे लाकूडही खातो. कूस भोकात बसवून आडवी लाकडी खुंटी मारली की सांधा पक्का होतो, आणि पुढे खुंटी काढली की तो सुटतोही. म्हणूनच जुन्या वाड्याचे लाकूड दुसऱ्या वाड्यात जाऊ शकले.

माळवदाचे ओझे

या कोरड्या भागात मंडपावर बहुधा माळवद असे. कड्यांवर फळ्या किंवा लहान फाटे, त्यावर पाला, त्यावर चिखलाचा थर व सर्वांत वर पांढरी माती. उन्हाळ्यात याच्याइतका गारवा दुसऱ्या छपराखाली नाही. पण त्याचे वजन ध्यानात घ्यावे लागते. घनफूटभर मातीचा भार सुमारे ४५ किलो धरला, तर पाच फूट लांब-रुंद खणावर एक फूट जाडीची माती सव्वाअकरा क्विंटल भरते. म्हणजे ज्वारीची क्विंटलाची अकरा पोती एका खणावर कायमची ठेवलेली! मधल्या प्रत्येक खांबावर साधारण एवढा भार येतो. पंधरा खणांच्या मंडपावर तो १६८ क्विंटलांच्या पुढे जातो, आणि पावसात भिजल्यावर आणखी वाढतो.

सुताराने लाकूड निवडले ते या हिशेबाने. पुढे मात्र छप्पर गळू लागले की जुनी माती न काढता वर तीन-चार इंचांचा नवा थर टाकण्याची सवय पडली. तीन वेळा तीन-तीन इंच माती टाकली, तर प्रत्येक खणावर सव्वाआठ क्विंटलांहून अधिक वाढीव ओझे बसते. अशा मंडपाची तुळई वाकली म्हणजे “लाकूड म्हातारे झाले” असे म्हणतात. वास्तविक लाकडावर ओझे लादले गेलेले असते.

बदलते दिवस

इंग्रजी अमलात या कामाचे रूप बदलले. १८६० पर्यंत पुण्याहून दौंडमार्गे सोलापूरपर्यंत आगगाडी गेली, आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड फाटा झाला. दूरचे लाकूड रेल्वेने येणे शक्य झाले. त्याच १८७८ सालच्या जंगल कायद्याने मात्र राखीव जंगले ठरविली गेली आणि जवळच्या डोंगरातले लाकूड पूर्वीसारखे मोकळे राहिले नाही. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. त्या कौलांनी माळवदाचे ओझे उतरविले, परंतु उतरत्या पाख्यांसाठी आढे, वासे व रिपा यांचे नवे काम सुताराला शिकावे लागले. इंग्लंडात १८२९ साली निघालेला पन्हळी पत्रा कालांतराने खेड्यापर्यंत पोचला. तो स्वस्त व हलका खरा, पण त्याखाली उन्हाळ्यात बसवत नाही.

स्वातंत्र्यानंतर सिमेंट आले. १९८२ पर्यंत ते परवान्यावरच मिळे, आणि त्या वर्षी नियंत्रण अंशतः उठल्यावर गावोगावी स्लॅबची कामे सोपी झाली. इकडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने सागासारखे झाड स्वतःच्या रानातले असले तरी परवानगीशिवाय तोडता येईना. लोखंडी नांगर आला, मोट गेली, गाडीला रबरी धावा आल्या. बलुते आटले. सुताराची मुले रांजणगाव-कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस लागली, त्यात त्यांचा काहीच दोष नाही. पण हस्ताचे माप आणि कुशीचे गणित कागदावर कधीच लिहिलेले नव्हते. ते हातातून हातात आले होते, आणि तेथेच थांबू लागले.

पाडण्यापूर्वी पाहावे

लाकडी मंडप कोठे बिघडतो, याची ठिकाणे ठरलेली आहेत. भिंतीत गेलेले तुळईचे तोंड, पन्हळीखालची कडी आणि उथळ्यालगतचा खांबाचा वीतभर भाग ही ती ठिकाणे. वाकसाच्या पाठीने ठोकून पाहिले तर निरोगी लाकूड टणक वाजते, पोखरलेले बद्द वाजते. खांबावर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवीने वाट काढली असे समजावे. जाड तैलरंगाचे थर बुजवतात ती केवळ नक्षी नव्हे. आतली ओलही ते आतच कोंडतात, आणि रोग दृष्टीस पडत नाही. त्यापेक्षा जवसाचे तेल बरे. विजेच्या जुन्या तारा लाकडावरून तशाच लोंबत ठेवणे किती घातक आहे, ते सांगावयास नको.

खराब भाग तेवढाच कापून नवा जोड देणे ही सुताराची नेहमीची विद्या होती. जपानमधील होर्यूजी येथील लाकडी मंदिर तेराशे वर्षांवर टिकून आहे, ते याच पद्धतीने: सांधे सोडवावयाचे, कुजलेले बदलावयाचे, चांगले पुन्हा बसवावयाचे. जपानच्या या लाकूडकामाच्या परंपरेला २०२० साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्या सुतारांची पद्धत याहून फारशी निराळी नव्हती. निराळे एवढेच की, आपण तिची दखल घेतली नाही.

प्रत्येक लाकडी मंडप वाचविता येईल असे नाही. काही ठिकाणी गाभाच पोकळ झालेला असतो आणि खाली बसणाऱ्या माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो. तेथे उतरविणे हेच शहाणपण. परंतु उतरविण्यापूर्वी जाणत्या सुताराकडून एकेक खांब तपासून घ्यावा, खणांचे माप व सांध्यांचे नमुने कागदावर उतरवून ठेवावेत, आणि चांगले निघालेले हस्त व महिरपी भंगारात न देता देवळातच जपाव्यात. जळणाच्या भावाने गेलेले सागवान पुन्हा मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. देवळाच्या पायरीवर, भिंतीवर, घंटेवर देणगी देणाऱ्यांची नावे कोरलेली असतात, व ती असावीतही. मंडप घडविणाऱ्या सुताराचे नाव मात्र क्वचितच आढळते. त्याची खूण राहते ती सांध्यावर त्याने केलेल्या जुळणीच्या रेघांत, आणि त्या रेघा लाकूड उतरविल्याखेरीज दिसत नाहीत. नव्या कामाची जी फरशी लागेल, तिच्यावर देणगीदारांबरोबर सुतार, गवंडी व पाथरवट यांचीही नावे घालावीत. आणखी शंभर वर्षांनी जे जीर्णोद्धार करतील, त्यांना निदान हे काम कोणाच्या हातचे, ते कळेल.