दार वाजवण्याचा करार : हॅलोविन लहान मुलांचा सण कसा झाला

१/ आज ३१ ऑक्टोबर. अमेरिका आणि कॅनडातील गल्ल्यांतून आज सायंकाळी चार-पाच वर्षांची मुले भूत, चेटकीण किंवा भोपळा होऊन दारोदार हिंडतील आणि पिशवीभर गोळ्या-चॉकलेटे घेऊन घरी परततील. हे दृश्य पुरातन वाटते. पण हॅलोविन हा मुख्यतः लहानग्यांचा सण झाला तो विसाव्या शतकात. खोड्यांना कंटाळलेल्या गावांनी तो तसा घडवला. त्या घडणीचा हा धागा.

२/ प्रथम मूळ पाहू. आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये नोव्हेंबरच्या आरंभी ‘सावीन’ हा ऋतुसंधीचा सण असे. सुगी संपे, गुरे उन्हाळी कुरणांतून घरी येत आणि हिवाळा सुरू होई. पुढे ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला. ‘हॅलो’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ संत. त्या दिवसाची आदली संध्याकाळ ती ‘ऑल हॅलोज ईव्ह’. हॅलोविन हे तिचेच संक्षिप्त रूप.

३/ या दिवसांत इंग्लंडमधील मुले आणि गोरगरीब दारोदार जाऊन ‘सोल केक’ मागत व बदल्यात त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. स्कॉटलंडमधील मुले वेष पालटून जात, गाणे किंवा नक्कल सादर करीत आणि सफरचंद वा अक्रोड मिळवीत. हातात सलगम कोरून केलेला कंदील असे. तो अमेरिकेत पोहोचला तेव्हा सलगमाची जागा तिथल्या भोपळ्याने घेतली. दोन्ही प्रथांमध्ये मागणारा काहीतरी देतही असे, हे लक्षात ठेवण्याजोगे.

४/ एकोणिसाव्या शतकात, विशेषतः आयर्लंडमधील १८४५ नंतरच्या दुष्काळामुळे, लक्षावधी लोक अमेरिकेला गेले. त्यांच्यासोबत या रात्रीच्या खोड्याही गेल्या. कुंपणाची फाटके उचलून नेणे, खिडक्यांना साबण फासणे, परसातील संडास उलथवणे, बैलगाडीसारखी अवजड गाडी सुटी करून छपरावर चढवणे हे उद्योग पोरसवदा मुलांचे असत. शिमग्यात होळीसाठी लाकडे पळवणाऱ्या पोरांकडे आपल्याकडची गावे जसा काणाडोळा करीत, तसाच तिथेही केला जाई.

५/ खेड्यात जी खोडी खपते ती शहरात खपत नाही. फाटक कोणी नेले हे खेड्यात दुसऱ्या दिवशी सर्वांना ठाऊक असे; शहरात मात्र खोडी करणारा अनोळखी आणि नुकसान सोसणाराही अनोळखी. रस्त्यावरचे दिवे फुटू लागले, अग्निशमन दलाला खोट्या वर्दी जाऊ लागल्या, मोटारींची नासधूस होऊ लागली. १९३० च्या दशकातील आर्थिक मंदीत हा उपद्रव इतका वाढला, की सणावर बंदीच घालावी असे काही ठिकाणी बोलले जाऊ लागले.

६/ मिनेसोटा राज्यातील अनोका या गावाने त्याआधीच निराळा मार्ग काढला होता. एका हॅलोविनच्या सकाळी गावकरी उठले तो मुख्य रस्त्यावर गाई मोकाट फिरत होत्या आणि संडास आडवे झाले होते. मुलांना धाक दाखवण्याऐवजी त्यांना काम द्यावे असे गावाने ठरवले. १९२० साली तिथे वेषधारी मुलांची मिरवणूक निघाली. दुसऱ्या महायुद्धातील १९४२ आणि १९४३ ही दोन वर्षे वगळता हा उत्सव पुढेही भरत राहिला.

७/ इतर गावांतही शाळा, मंडळे आणि पालक यांनी मिरवणुका व मेजवान्या सुरू केल्या. याच सुमारास, १९२० च्या दशकात, कॅनडातील वृत्तपत्रांत ‘ट्रिक ऑर ट्रीट’ हे शब्द दिसू लागतात. अर्थ सरळ आहे : खाऊ द्या, नाहीतर खोडी करू. आज आपण हे वाक्य लाडिकपणे ऐकतो; मुळात तो तहाचा मसुदा होता. घरमालकाने मूठभर खाऊ द्यावा आणि मुलांनी त्याचे फाटक जागेवर राहू द्यावे.

८/ युद्धकाळात हा तह थोडा रखडला. अमेरिकेत १९४२ ते १९४७ साखरेवर नियंत्रण होते. वाटायला गोड पदार्थच नव्हते. नियंत्रण उठले तेव्हा शहरांभोवती नव्या वसाहती उभ्या राहत होत्या आणि घरोघरी लहान मुले होती. मिठाईच्या कंपन्यांनी ही संधी ओळखली. १९५२ साली डिस्नेने याच प्रथेवर डोनाल्ड डकचा लघुपट काढला. खोड्या करणारे मोठे मुलगे मागे पडले आणि आईचे बोट धरलेली बालके पुढे आली.

९/ जुन्या देवाणघेवाणीचा धागाही पूर्ण तुटला नाही. १९५० साली फिलाडेल्फियात क्लाइड आणि मेरी एमा ॲलिसन या दांपत्याच्या प्रेरणेने मुलांनी दारोदार फिरून खाऊऐवजी नाणी गोळा केली. जमलेले १७ डॉलर युनिसेफकडे, म्हणजे जगातील गरजू मुलांसाठी, पाठवले गेले. त्या एवढ्याशा रकमेतून देशव्यापी उपक्रम उभा राहिला.

१०/ मग भीती आली. सफरचंदात दाढीचे पाते, चॉकलेटमध्ये विष अशा बातम्या १९६० च्या दशकाअखेरीस पसरू लागल्या. १९७४ साली टेक्सासमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा हॅलोविनच्या गोळीतील सायनाइडने दगावला. देश हादरला. तपासात निघाले, की विष घालणारा स्वतः बापच होता आणि त्याला विम्याचे पैसे हवे होते. १९८२ साली शिकागो परिसरात कोणीतरी वेदनाशामक कॅप्सूलमध्ये विष मिसळले व सात जण मृत्युमुखी पडले. त्याचा हॅलोविनशी संबंध नव्हता. पण सण महिन्याभरावरच होता आणि भीती दुणावली.

११/ समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट आणि जेराल्ड होरिउची यांनी १९५८ पासूनच्या अशा बातम्या तपासून १९८५ साली निष्कर्ष मांडला. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊमुळे मूल दगावल्याचे वा गंभीर जखमी झाल्याचे एकही प्रकरण त्यांना आढळले नाही. पुष्कळ बातम्या बनावट किंवा अतिरंजित होत्या. तोवर मात्र काही रुग्णालये मुलांच्या खाऊचे क्ष-किरण काढून देऊ लागली होती.

१२/ या भीतीने सणाचा चेहरा बदलला. शेजारणीने घरी केलेली बिस्किटे आणि लाह्यांचे लाडू बाद झाले. कारखान्यात वेष्टन घातलेलीच वस्तू विश्वासार्ह ठरली. १९९० च्या दशकात चर्च आणि शाळांच्या वाहनतळांवर मोटारींच्या डिक्क्या सजवून तिथूनच खाऊ वाटण्याची रीत रूढ झाली. शेतावरच्या सहलींनाही बहर आला : गवताच्या गाडीतून फेरफटका, मळ्यातून स्वतः निवडलेला भोपळा, आणि मक्याच्या उभ्या पिकात कापलेला चक्रव्यूह. असा आधुनिक चक्रव्यूह १९९३ साली पेनसिल्व्हेनियातील ॲनव्हिल येथे साकारला आणि त्याचे लोण देशभर पसरले.

१३/ या सहली वाईट नाहीत. लहान शेतकऱ्याला त्यातून हंगामी मिळकत होते आणि शहरी मुलाला भोपळा वेलीवर लागतो हे कळते. तरीही एक फरक उरतो. शेतावर तिकीट काढून जाता येते; शेजाऱ्याच्या दाराला तिकीट नसते. तिथे मुलाला धीर करून पायरी चढावी लागते आणि आतल्या माणसाला दार उघडावे लागते.

१४/ खरा धोका कोठे होता? कॅनडातील संशोधकांनी अमेरिकेतील १९७५ ते २०१६ या काळातील अपघातांची नोंद तपासली. आठवड्याने आधीच्या व नंतरच्या संध्याकाळींच्या तुलनेत हॅलोविनच्या संध्याकाळी वाहनाखाली पादचारी दगावण्याचा धोका ४३ टक्क्यांनी अधिक होता, आणि ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी तो सुमारे दसपट. मृत्यूंची संख्या लहान असली तरी दिशा स्पष्ट आहे. पालक पिशवीतल्या चॉकलेटांकडे पाहत राहिले. पाहायला हवे होते रस्त्याकडे.

१५/ विश्वास पुन्हा जुळवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. २०१४ पासून अमेरिकेत अनेक घरांसमोर निळसर-हिरवा भोपळा दिसू लागला. शेंगदाणे वा दूध न सोसणाऱ्या मुलांसाठी या घरी खाऊऐवजी छोटे खेळणे मिळेल, अशी ती खूण. २०२४ साली नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. त्या संध्याकाळी अमेरिकेतील मराठी घरांच्या उंबऱ्यावर पणती आणि कोरलेला भोपळा शेजारी ठेवायला पंचांगानेच निमित्त दिले.

१६/ शंभर वर्षांपूर्वी गावांनी ओळखले, की पोरांना धाक दाखवून रात्र सुरक्षित होत नाही. त्यांना सामावून घ्यावे लागते. पुढच्या पिढीने तोच तह शेजाऱ्याच्या भीतीपोटी अर्धवट सोडला. आज कोणाच्या दाराशी एखादे इवलेसे भूत येऊन उभे राहिले, तर मूठभर गोळ्या जरूर द्याव्यात. मात्र रस्ता ओलांडताना त्याचा हात कोणीतरी धरला आहे ना, तेवढे पाहावे.