नवी प्रणाली, मंदावलेले खेळ : एका जुन्या तक्रारीचा इतिहास

१/
यंत्र तेच, ग्राफिक्स कार्ड तेच, गेमही तोच. बदलली ती केवळ ऑपरेटिंग सिस्टिम. आणि काल सुरळीत पळणारे दृश्य आज अडखळू लागले. ही तक्रार आजची नाही. विंडोजच्या अनेक मोठ्या बदलांनंतर ती नव्याने उठली आहे आणि दर वेळी दोन टोकाची मते ऐकू आली आहेत : 'नवी सिस्टिमच सदोष आहे' किंवा 'तुमचे यंत्रच जुने झाले आहे'. इतिहासात नोंदले गेलेले प्रसंग तपासले, तर ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. दोष नेमका कोठे दडलेला असे आणि तो कसा सापडला, याचा हा मागोवा. (थ्रेड)

२/
प्रथम मोजमाप समजून घेणे आवश्यक आहे. पडद्यावरील हालचाल म्हणजे एकामागून एक काढलेली स्थिरचित्रे. एका सेकंदात अशी जितकी चित्रे तयार होतात, तो फ्रेम रेट. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील, तर जेमतेम ६.९. एवढ्या अवधीत प्रोसेसरने खेळाचा हिशेब करायचा, ड्रायव्हरने तो ग्राफिक्स कार्डाला समजावायचा, कार्डाने चित्र रेखाटायचे आणि ऑपरेटिंग सिस्टिमने ते पडद्यापर्यंत पोहोचवायचे. या साखळीतील एकही कडी दोन-तीन मिलिसेकंदांनी रेंगाळली, तरी खेळणाऱ्याच्या डोळ्याला ते जाणवते.

३/
गंमत अशी, की आरंभीच्या काळात यंत्र बदलल्यावर येणारी अडचण नेमकी उलटी होती. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ गतीने चाले. त्या काळचे कित्येक गेम हीच गती गृहीत धरून लिहिलेले होते. पुढे वेगवान यंत्रे आली, तेव्हा तेच गेम इतके सुसाट धावू लागले, की खेळणे अशक्य झाले. यावरचा उपाय म्हणून संगणकाच्या पेटीवर 'टर्बो' नावाचे बटण आले. नाव वेगाचे असले, तरी त्याचा खरा उपयोग यंत्र मंद करण्यासाठी होई. गेम हा भोवतालच्या यंत्रणेविषयी काही गोष्टी गृहीत धरून चालतो, हा पहिला धडा येथेच मिळाला.

४/
डॉसच्या काळात गेमला संपूर्ण यंत्राची मोकळीक असे. चित्र काढायचे, तर गेम थेट ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत लिही. मध्ये कोणी नसे. डिसेंबर १९९३ मध्ये आयडी सॉफ्टवेअरने प्रसिद्ध केलेला 'डूम' याच मोकळिकीवर उभा होता आणि त्याची कमाल मर्यादा सेकंदाला ३५ चित्रांची होती. विंडोजमध्ये मात्र एकाच पडद्यावर अनेक प्रोग्राम नांदत असल्याने असा थेट हात घालणे वर्ज्य ठरले. चित्र काढण्यासाठी सिस्टिमच्या मध्यस्थीने जावे लागे आणि ती मध्यस्थी कार्यालयीन कामांसाठी घडवलेली होती, खेळांसाठी नव्हे. साहजिकच गेम तयार करणारे विंडोजपासून दूर राहिले.

५/
ही कोंडी फोडण्यासाठी मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये 'विनजी' नावाचा जलद मार्ग काढला. त्याच वर्षीच्या नाताळात डिस्नेचा 'द लायन किंग' हा गेम त्याच मार्गावर चालवण्यात आला. दुर्दैवाने बाजारात नुकत्याच आलेल्या कॉम्पॅकच्या काही प्रिझारिओ संगणकांतील ड्रायव्हर विनजीबरोबर तपासलेले नव्हते. भेट म्हणून मिळालेला गेम मुलांनी सुरू केला आणि तो कोसळला. गेम निर्दोष, संगणक कोरा, सिस्टिमही ठीक. बिघाड होता तो दोन थरांमधील सांध्यात. पुढील तीन दशकांतील बहुसंख्य तक्रारींचे मूळ याच प्रकारचे निघाले.

६/
या अनुभवानंतर क्रेग आयस्लर, ॲलेक्स सेंट जॉन आणि एरिक एंगस्ट्रॉम या त्रयीने डायरेक्टएक्सची उभारणी केली. विंडोज ९५ ऑगस्ट १९९५ मध्ये आले आणि पाठोपाठ सप्टेंबरअखेर डायरेक्टएक्सची पहिली आवृत्ती. गेमला हार्डवेअरच्या शक्य तितके जवळ जाऊ द्यायचे, पण ठरलेल्या दारातून, हे तिचे सूत्र होते. हे दार विश्वासार्ह आहे, हे पटवण्यासाठी मायक्रोसॉफ्टमध्येच 'डूम' विंडोज ९५ वर आणण्यात आला. त्या कामाचे नेतृत्व गेब न्यूएल यांनी केले. तेच पुढे व्हॉल्व्ह या कंपनीचे सहसंस्थापक झाले. मात्र दार कितीही चांगले असले, तरी ते कार्डाच्या ड्रायव्हरमधूनच उघडत असे.

७/
सिस्टिमने दाराची चौकटच बदलली तर काय होते, हे जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने दाखवले. ड्रायव्हरचा एक भाग चुकला तर संपूर्ण यंत्र कोसळू नये, म्हणून व्हिस्टाने ग्राफिक्स ड्रायव्हरची रचना मुळापासून बदलली. हेतू रास्त होता. परंतु कार्ड बनवणाऱ्यांना आपले ड्रायव्हर जवळपास नव्याने लिहावे लागले आणि ते वेळेत परिपक्व झाले नाहीत. आरंभीच्या चाचण्यांत अनेक गेम एक्सपीपेक्षा व्हिस्टावर मंद चालले. पुढे एका खटल्यात उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत नोंदींनुसार २००७ मध्ये व्हिस्टा कोसळल्याच्या नोंदलेल्या प्रसंगांपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरशी निगडित होते. ड्रायव्हर सुधारत गेले, तशी ही दरीही भरत गेली.

८/
दोष शोधण्याचे साधन मात्र अजून ढोबळच होते. सगळे सरासरी मोजत. २०११ मध्ये 'टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसन यांनी सरासरीऐवजी प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मोजण्याचा आग्रह धरला. कारण समजण्यास सोपे आहे. समजा, अर्ध्या सेकंदात ५९ चित्रे आली आणि साठाव्या चित्रासाठी उरलेला अर्धा सेकंद गेला. सरासरी भरते ६०. पण खेळणाऱ्याने पाहिला तो अर्ध्या सेकंदाचा गोठलेला पडदा. 'आकडा ठीक आहे, तरी गेम अडखळतो' असे सांगणाऱ्यांचे म्हणणे भ्रम नव्हते, हे या पद्धतीने सिद्ध झाले. अपडेटनंतरच्या तक्रारींना यामुळे पुराव्याचे बळ मिळाले.

९/
या बळाची कसोटी २०२१ मध्ये दोनदा लागली. एप्रिलमध्ये विंडोज १० साठी केबी५००१३३० हे अपडेट आले आणि काही गेममध्ये फ्रेम रेट घसरल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. मायक्रोसॉफ्टने मान्य केले, की मोजक्या वापरकर्त्यांना हा त्रास होत असून त्यातील बहुतेक जण गेम पूर्ण पडद्यावर अथवा चौकटविरहित खिडकीत चालवणारे आणि दोन किंवा अधिक मॉनिटर जोडलेले आहेत. उपाय वेगळाच होता. अपडेटमध्ये नव्या कोडसोबत जुना कोडही राखून ठेवलेला असतो. 'नोन इश्यू रोलबॅक' या यंत्रणेने फक्त सदोष बदल दुरून बंद करण्यात आला. सुरक्षेच्या दुरुस्त्या जागच्या जागी राहिल्या.

१०/
दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आले आणि लगेच एएमडी व मायक्रोसॉफ्टने रायझन प्रोसेसरबाबत दोन दोष मान्य केले. प्रोसेसरच्या आत एल३ कॅश ही अतिजलद स्मृती असते. नव्या सिस्टिममध्ये तिच्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे तिप्पट वेळ लागू लागला होता. दुसरा दोष कामाच्या वाटपातला : प्रोसेसरच्या गाभ्यांपैकी सर्वांत वेगवान गाभ्याकडे अवघड काम सोपवण्याची व्यवस्था नीट चालत नव्हती. एएमडीच्या मते बाधित प्रोग्राममध्ये ३ ते ५ टक्के आणि ई-स्पोर्ट्सच्या काही गेममध्ये १० ते १५ टक्के घट संभवत होती.

११/
आठवड्याभरात आलेल्या पहिल्या मासिक अपडेटनंतर स्वतंत्र चाचण्यांत कॅशचा विलंब आणखी वाढलेला दिसला! अखेर २१ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टचे दुरुस्तीचे अपडेट आणि एएमडीचा नवा चिपसेट ड्रायव्हर आला आणि दोन्ही दोष दूर झाले. येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. ग्राफिक्स कार्डाचा यात काहीही संबंध नव्हता. त्या पंधरवड्यात ज्यांनी घाईने नवे कार्ड विकत घेतले असते, त्यांचा पैसा गेला असता आणि दोष जागेवरच राहिला असता.

१२/
काही मंदपणा मात्र दोष नसतो, ती मोजलेली किंमत असते. विंडोज ११ मधील 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुविधा सिस्टिमच्या गाभ्यात घुसू पाहणाऱ्या घातक कोडला अडवते; त्यासाठी प्रोसेसरच्या आभासीकरणाचा आधार घेतला जातो आणि काही यंत्रांवर त्याचा भार गेमवर पडतो. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच सांगितले, की खेळताना ही सुविधा बंद करता येईल व नंतर पुन्हा चालू करता येईल. मात्र बंद असताना यंत्र धोक्यास उघडे पडू शकते. डॉसमधील मोकळीक आणि आजची तटबंदी यांतील जुना वाद येथे एका बटणावर येऊन थांबतो. निर्णय वापरणाऱ्याचा, पण त्याची किंमत माहीत असावी.

१३/
नाण्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये रायझन ९००० मालिका आली, तेव्हा गेममधील तिची कामगिरी अपेक्षेपेक्षा फिकी दिसली. कार्यक्रमात पुढे कोणती वाट येईल, याचा प्रोसेसर सतत अंदाज बांधत असतो. त्या अंदाजाला पूरक सुधारणा विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत होती. तीच पुढे केबी५०४१५८७ या ऐच्छिक अपडेटद्वारे आधीच्या २३एच२ आवृत्तीलाही देण्यात आली आणि तिचा लाभ रायझनच्या मागील पिढ्यांनाही झाला. अपडेट जसे वेग घेते, तसे ते देतेही.

१४/
या इतिहासातून तपासणीचा क्रम आपोआप हाती येतो. अपडेटपूर्वी एकाच गेममधील एकाच दृश्याचे मोजमाप, फ्रेमला लागणाऱ्या वेळेसह, लिहून ठेवावे; अन्यथा तुलना कशाशी करणार? नव्या ड्रायव्हरनंतर शेडर पुन्हा तयार होत असल्याने पहिल्या एक-दोन फेऱ्यांतील अडखळणे गृहीत धरू नये. मग ड्रायव्हर पाहावा : सिस्टिम नव्याने टाकल्यावर कार्ड कधी कधी मायक्रोसॉफ्टच्या प्राथमिक ड्रायव्हरवरच चालत राहते. त्यानंतर पडद्याचा रिफ्रेश रेट ६० वर आला आहे का, लॅपटॉपमध्ये गेम योग्य ग्राफिक्स चिपवर चालतो का, विजेची बचत करणारी पद्धत निवडली गेली आहे का, हे तपासावे. दुसरा मॉनिटर काढून पाहावा.

१५/
बायॉसही अद्ययावत केले असेल, तर त्यातील मांडणी पूर्ववत होऊन रॅम आपल्या मूळ, कमी गतीवर आलेली असू शकते. तिची प्रोफाइल पुन्हा निवडावी. चिपसेट ड्रायव्हर नवा आहे ना, हे पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा मोजावे. दहा गोष्टी एकत्र बदलल्यास दोष सापडला तरी कारण सापडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ज्ञात अडचणींच्या यादीत आपली तक्रार आधीच नोंदलेली असू शकते. काहीच लागू पडले नाही, तर विंडोज १० वरून ११ वर गेलेल्यांना परतण्यासाठी साधारणपणे १० दिवसांची मुदत असते.

१६/
परंतु परतीचा हा मार्ग आता पूर्वीइतका निर्धोक राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार संपला. चार-दोन फ्रेम वाचवण्यासाठी जुन्या सिस्टिमवर थांबणे म्हणजे विस्तारित सुरक्षा योजनेत नाव नोंदवल्याखेरीज त्याच यंत्रावरील बँकेचे व्यवहार, कागदपत्रे आणि छायाचित्रे सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना ठेवणे होय. २०२१ मधील दोन्ही दोष वापरकर्त्यांनी आणि समीक्षकांनी मोजून दाखवले, कंपन्यांनी मान्य केले आणि काही आठवड्यांत दूर केले. नवी सिस्टिम न घेण्यापेक्षा ती घेऊन, मोजून, दोष नेमक्या शब्दांत कळवणे, हाच मार्ग आजवर फळाला आलेला आहे.

(समाप्त)