लोकवर्गीकरण : टॅगच्या गर्दीतील आकृतिबंध

ग्रंथालयात आलेले पुस्तक कोणत्या कपाटात जावे, हे ग्रंथपाल ठरवतो. मेल्विल ड्यूई यांची दशांश पद्धती १८७६ सालची आणि एस. आर. रंगनाथन यांची कोलन पद्धती १९३३ सालची. दोन्ही पद्धतींत पुष्कळ अंतर असले, तरी वर्गीकरण हे जाणत्या माणसाचे काम आहे, हे दोन्हींचे गृहीतक होते. या गृहीतकाला महाजालावर धक्का दिला तो 'डेलिशस' या संकेतस्थळाने. जोशुआ शॅक्टर या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने २००३ साली ते सुरू केले. आवडलेल्या पानांची वाचनखूण, म्हणजे बुकमार्क, स्वतःच्या संगणकाऐवजी महाजालावरच साठवावी, तिला मनाला येतील ते शब्द चिकटवावेत आणि त्या खुणा इतरांनाही पाहता याव्यात, एवढीच मूळ कल्पना. या चिकटवलेल्या शब्दांना 'टॅग' म्हटले गेले. छायाचित्रांसाठी 'फ्लिकर' आणि शोधनिबंधांसाठी 'साइटयूलाइक' ही स्थळे २००४ मध्ये आली. त्याच वर्षी थॉमस वॅन्डर वॉल यांनी या प्रकाराला 'फोक्सॉनॉमी' हे नाव दिले. मराठीत त्यास लोकवर्गीकरण म्हणता येईल.

टॅगसाठी कोणतीही मान्य शब्दसूची नव्हती. एकाच पानाला कोणी 'प्रोग्रॅमिंग' म्हणे, कोणी 'जावा', कोणी 'मजेदार', तर कोणी नुसते 'वाचायचे आहे' असे लिहून मोकळा होई. शेवटचे दोन टॅग पानाविषयी कमी आणि वाचकाविषयी अधिक सांगतात. त्यात डेलिशसवर दोन टॅगमध्ये मोकळी जागा सोडावी लागे. साहजिकच दोन शब्दांचे नाव कोणी जोडून, कोणी मधे रेघ मारून लिही. एकवचन-अनेकवचनाचा गोंधळ वेगळाच. मराठीत तर 'पुणे', 'पुण्यात' आणि 'पुण्याचा' हे यंत्राच्या दृष्टीने तीन निराळे शब्द ठरतात. माणसे एकाच वस्तूला किती भिन्न नावे देतात, हे जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ सालीच दाखवले होते. दोन व्यक्तींनी एका वस्तूसाठी आपापल्या मनाने एकच शब्द निवडण्याची शक्यता त्यांच्या प्रयोगांत २० टक्क्यांहूनही कमी भरली. अशा स्थितीत लाखो लोकांच्या टॅगमधून गोंधळाखेरीज काही निघेल, अशी अपेक्षा ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांना नसल्यास नवल नाही.

प्रत्यक्षात काही वेगळेच आढळले. ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतील स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी डेलिशसवरील नोंदी तपासल्या. त्यांचे निष्कर्ष २००५-०६ मध्ये प्रसिद्ध झाले. एखादे पान पहिल्या काही जणांनी साठवले, तोवर टॅगचे प्रमाण वेडेवाकडे हेलकावे खाते. मात्र साधारण शंभर जणांनी ते साठवले, की प्रत्येक टॅगचा वाटा जवळजवळ कायम होतो. पुढे कितीही नवे लोक आले, तरी त्यात फारसा फरक पडत नाही. विशेष म्हणजे केवळ आघाडीचे टॅगच नव्हे, तर अल्पमतातील टॅगही आपापला छोटा वाटा टिकवून राहतात. ग्रंथालयाच्या कपाटात एका पुस्तकाला एकच जागा मिळते. येथे बहुमत आणि अल्पमत शेजारी शेजारी नांदतात.

या स्थैर्याचे कारण काय? दोन्ही संशोधकांनी गणितातील पोल्या यांच्या घटाचे उदाहरण दिले. घटात एक लाल आणि एक काळा चेंडू आहे. एक चेंडू न पाहता काढायचा, तो परत ठेवायचा आणि त्याच रंगाचा आणखी एक घटात टाकायचा. हे करत राहिल्यास दोन रंगांचे प्रमाण एका आकड्यावर स्थिरावते. पण तो आकडा कोणता असेल, हे सुरुवातीच्या काही चेंडूंवर अवलंबून असते. खेळ पुन्हा मांडला तर आकडा दुसरा येतो. खरा प्रश्न येथेच उभा राहतो. प्रमाण स्थिर झाले म्हणजे लोकांचे एकमत झाले, असे म्हणता येते काय? डेलिशसवर पान साठवताना आधीच्या लोकांचे प्रचलित टॅग समोर दिसत. ते पाहून तेच उचलणे ही नक्कल झाली, मत नव्हे. गोल्डर-ह्यूबरमन यांनी ही शक्यता मान्य केली, मात्र तीच सर्वस्वी कारणीभूत नसल्याचेही सांगितले. कारण सूचना फक्त अग्रभागी असलेल्या थोड्या टॅगची होई आणि स्थैर्य मात्र सूचनेत नसलेल्या टॅगमध्येही दिसे. तेथे वापरकर्त्यांचे समान ज्ञानच कामी येत असले पाहिजे. या दोहोंचा नेमका वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे आणि लोकवर्गीकरणावर विसंबणाऱ्या प्रत्येक यंत्रणेची खरी कमकुवत बाजू हीच आहे.

पुढे चिरो कातुतो, व्हित्तोरिओ लोरेतो आणि लुचानो पिएत्रोनेरो या इटालियन शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये टॅगच्या वारंवारितेचे गणिती प्रारूप मांडले. जुन्या टॅगची पुनरावृत्ती आणि अलीकडच्या टॅगला मिळणारे झुकते माप, एवढ्या दोन गोष्टी धरल्या तरी प्रत्यक्ष आकडेवारीशी जुळणारे चित्र मिळते, असे त्यातून दिसले.

आकृतिबंध शोधण्याची दुसरी वाट टॅगच्या सोबतीची. कोणता टॅग कोणाबरोबर वारंवार येतो, हे मोजले की शब्दांचे पुंजके तयार होतात. 'ॲपल' हा टॅग 'संगणक'सोबत आला तर कंपनी आणि 'पाककृती'सोबत आला तर फळ, हे यंत्राला कोणी न सांगता कळते. वापरकर्ता, पान आणि टॅग या तिघांना धाग्यांनी जोडून जाळे विणले, तर समान रुचीचे लोकही सापडतात. जर्मनीतील कासेल विद्यापीठाच्या 'बिबसॉनॉमी'भोवती काम करणाऱ्या आंद्रेआस होथो आदींनी २००६ मध्ये याच जाळ्यावर 'फोकरँक' ही क्रमवारी बेतली. मात्र जे पुंजक्यांतून लेखकाचा विषय ओळखते, ते वाचकाची आवडनिवड, नोकरीचा शोध वा आजारपणही ओळखू शकते, याची वाच्यता त्या काळात कमीच झाली.

शोधयंत्रांना याचा उपयोग किती, हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये पाहिले. निम्म्या प्रसंगी टॅगचा शब्द त्या पानाच्या मजकुरात आधीच असतो, असे त्यांना दिसले. म्हणजे नव्या माहितीची भर अपेक्षेहून थोडी.

डेलिशसची पुढील वाटचाल विस्कळीत झाली. डिसेंबर २००५ मध्ये ते याहूने विकत घेतले. २०१० च्या डिसेंबरमध्ये ते गुंडाळण्याचा बेत बाहेर फुटताच हजारो खुणा जपलेल्यांची धावपळ उडाली. स्वतःच्या खुणा आणि टॅग फाइलमध्ये उतरवून घेता येत. पण त्याच पानावरचे इतरांचे टॅग, म्हणजे ज्यातून आकृतिबंध उमटतो तो सारा शेजार, कोणालाही सोबत नेता आला नाही. २०११ मध्ये स्थळ ॲव्हॉस या कंपनीकडे गेले, तेव्हा मुदतीत संमती न देणाऱ्यांच्या नोंदी तिकडे पोहोचल्या नाहीत. आणखी हस्तांतरे होऊन २०१७ मध्ये ते 'पिनबोर्ड' या प्रतिस्पर्ध्याने घेतले आणि नवी खूण नोंदवण्याची सोय बंद केली.